विश्लेषण : बाद झालेले हरीण गवत का होते? निसर्गावर बेतलेले मैदानी खेळ कसे खेळतात?

उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींत ‘निसर्ग खेळ’ हे शब्द हमखास दिसतात. प्रत्यक्षात अनेकदा ती नेहमीचीच पकडापकडी असते. ज्याच्यावर राज्य तो वाघ, बाकीची हरणे, एवढाच फरक. मुले पळतात, घामाघूम होतात, हेही कमी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल व्हायला हवी. पण वाघाला पोलीस म्हटले तरी तो खेळ तसाच चालतो. ज्यांच्या नियमांतच निसर्गाचा नियम असतो, ते खेळ वेगळे.

हरणांचा खेळ काय आहे?

अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट वाइल्ड’ या शिक्षण उपक्रमामुळे हा खेळ जगभर पोहोचला. आपल्याकडे तो चितळांच्या नावाने सहज खेळता येतो. समजा, २८ मुले आहेत. त्यांतली ७ चितळे, उरलेली २१ म्हणजे जंगल. १५-२० पावलांच्या अंतरावर दोन रांगा एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. प्रत्येकाने मनाशी एक खूण ठरवायची. पोटावर हात म्हणजे चारा, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे आसरा. चितळाची खूण म्हणजे त्याची गरज आणि जंगलाची खूण म्हणजे तिथे जे उपलब्ध आहे ते. तीन आकडे मोजले की सगळ्यांनी वळायचे. आता खूण बदलायची नाही. चितळांनी धावत जाऊन आपल्याच खुणेचे मूल गाठायचे. जंगल जागचे हलत नाही.

ज्याला हवे ते मिळाले, तो त्या मुलाला आपल्या रांगेत आणतो. म्हणजे कळपात एक पाडस वाढले. ज्याला मिळाले नाही ते चितळ मेले आणि जंगलाच्या रांगेत गेले. पुढच्या फेरीत तोच चारा किंवा पाणी होतो. खेळाची सगळी गंमत इथे आहे. बहुतेक खेळांत बाद झालेले मूल कडेला बसून नखे कुरतडते, आणि सहसा सर्वांत आधी बाद होणारेच सर्वांत कमी पळणारे असते. या खेळात कुणी बसतच नाही.

यातून कळते काय?

दर फेरीनंतर चितळे मोजून पाटीवर आकडा लिहायचा. सुरुवातीला कळप फुगतो. चितळे २० झाली की जंगलाकडे उरतात ८ मुले. मग कितीही जोरात धावले तरी जास्तीत जास्त ८ चितळे वाचतात आणि निदान १२ मरतात. पुढच्या फेरीत चारा वाढतो, कळप सावरतो. दहा-बारा फेऱ्यांचे आकडे जोडले की वर-खाली होणारी रेघ तयार होते. पाठ्यपुस्तकातली ‘धारणक्षमता’ ती हीच. एखाद्या फेरीत जंगलाच्या कानात हळूच सांगायचे, की यंदा पाणी कुणी व्हायचे नाही. तहानलेली चितळे वळून पाहतात आणि धावायला जागाच नसते. दुष्काळ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

लहान जागेत काय खेळता येईल?

‘वटवाघूळ आणि पतंग’. जोसेफ कॉर्नेल यांच्या १९७९ च्या पुस्तकातून हा खेळ सर्वत्र गेला. मुले हात धरून रिंगण करतात. आत डोळे बांधलेले एक वटवाघूळ आणि तीन-चार पतंग. वटवाघळाने ‘वाघूळ’ म्हणताच (पूर्ण शब्द उच्चारताना जीभ अडखळते) पतंगांनी लगेच ‘पतंग’ म्हणायचे. त्या आवाजाच्या रोखाने पकडायचे. कीटक खाणारी वटवाघळे स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून अशीच शिकार करतात. वडापिंपळाला लटकणारी फळे खाणारी मोठी वटवाघळे मात्र डोळे आणि नाक वापरतात. हा फरक खेळानंतर सांगावा, आधी नव्हे. खेळ चालू असताना रिंगणाने गप्प राहायचे, तेच सर्वांत अवघड जाते.

आपल्याकडे असे खेळ नव्हते का?

सूरपारंब्या होताच. राज्य असलेला दूर फेकलेली काठी घेऊन येईपर्यंत बाकीच्यांनी वडावर चढायचे. कोणती फांदी वजन पेलते, कोणती पारंबी दगा देते, हे अंगालाच कळायचे. पण त्याला वड लागतो. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर तो आणायचा कुठून?

गवताचा एखादा तुकडा असला तरी मात्र सुरवंटांची शर्यत होते. हिरव्या, पिवळसर, तपकिरी आणि लाल लोकरीचे बोटभर तुकडे प्रत्येकी २५ मोजून पसरायचे. मुले पक्षी. दोन रांगांतून एकेकाने धावत जायचे, दिसेल तो पहिला सुरवंट उचलून परत यायचे. पाच मिनिटांनी रंगानुसार मोजणी. मे महिन्यातल्या वाळक्या गवतात पिवळसर सुरवंट बरेचसे वाचतात आणि हिरवे पटापट टिपले जातात. हाच खेळ जुलैत त्याच जागी खेळला की हिशेब उलटतो. शेवटी शंभरच्या शंभर तुकडे गोळा करून घ्यावेत, कारण लोकरीचे धागे खऱ्या पक्ष्यांच्या पायांत अडकतात.