जुना रंधा भंगारात देण्याआधी

गळीत हंगाम आटोपला, खोडव्याचे पाचट आवरले, की मृगाआधी थोडे मोकळे दिवस हाताशी मिळतात. याच दिवसांत तिफणीचे दांडे, वखराची दांडी, गाडीचे जू, गोठ्याचे फाटक यांची डागडुजी निघते. पूर्वी हे सारे गावचा सुतार बघायचा. आता पुष्कळ गावांत सुतार राहिला नाही, आणि जिथे आहे तिथे तो फर्निचरच्या कामात गुंतलेला. विजेवरचा रंधा चांगला खरा, पण आपल्याकडे वीज कधी असते आणि कधी नसते हे आपणांस आम्ही काय सांगावे! तेव्हा करवत, पटाशी आणि हातरंधा ही तीन हत्यारे शेतकऱ्याच्या घरी असावीत, असे आमचे मत आहे. नवीनच घेतली पाहिजेत असे नाही.

बुलडाण्याजवळ पैनगंगेच्या काठी देऊळघाट आहे. तिथल्या आमच्या एका सभासदाच्या शेजारी सुताराचे घर. म्हातारे मिस्त्री वारले, मुले नोकरीसाठी बाहेरगावी गेली, आणि हत्यारांची पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. आमच्या सभासदाने त्यातून दोन रंधे किलोच्या भावाला थोडे वर पैसे देऊन उचलले. एक बिडाचा, चौदा इंची, दोन किलोच्या वर भरणारा. दुसरा सागवानी, पाचरीचा. मिस्त्रीच्या घरच्या आजी म्हणाल्या, "पैशाचं जाऊ द्या भाऊ, चालता झाला तर आधी आमचं दार घासून द्या. पावसाळ्यात उघडतच नाही." सुताराच्याच घरचे दार अडते, यात नवल नाही. मिस्त्री दुसऱ्यांचीच दारे करीत राहिले.

रंधा हे हत्यार फार जुने. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई शहरातही रोमन काळचे रंधे सापडले आहेत. आज आपण ज्याला लोखंडी रंधा म्हणतो त्याची बांधणी मात्र अमेरिकेतील लिओनार्ड बेली या कारागिराची. त्याचे पेटंट १८६७ चे, आणि १८६९ मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला. पुढे इंग्लंडात शेफिल्डला आणि आपल्याकडे पंजाबातही याच नमुन्याचे रंधे निघाले. नमुना एकच राहिल्याने त्याची मोडतोड आणि दुरुस्तीही बहुतेक सारखीच असते. देऊळघाटच्या रंध्यावरची अक्षरे झिजली आहेत, पण घडण बेलीचीच.

जुना रंधा घेताना गंज बघून घाबरू नये. बघायचे ते दुसरेच. आधी तो उलटा करून तोंडाजवळ, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीच्या दोन्ही टोकांना, तडा आहे का ते पाहावे. लाकडाने हलकेच ठोकावे. साबूत बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. बिडाला साधे वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून तडा असेल तर तो रंधा भंगारवाल्याचाच. दुसरे, पाते. त्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील तर धार कितीही लावा, दातरीच राहणार. खड्डे संपेपर्यंत पाते घासून आखूड करावे लागते, नाहीतर नवे घ्यावे. तिसरे, आटे. पाते पुढे-मागे करणारे पितळी चाक उलट्या आट्याचे असते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळजण पकडीने जोर करून आटे मारून ठेवतात. मूठ फुटलेली असेल तर मात्र चिंता नको. ती फेव्हिकॉलने जुळते, नाहीतर शिसवीच्या तुकड्यातून नवी कोरता येते.

गंज काढण्याचा एक उपाय आपल्या कारखान्याच्या दारातलाच आहे. तो म्हणजे मळी. एक भाग मळी व दहा भाग पाणी करून त्यात लोखंड आठ-पंधरा दिवस बुडवून ठेवले की गंज सुटून येतो. ऑस्ट्रेलियातले शेतकरी ट्रॅक्टरचे जुने भाग असेच साफ करतात. वास येतो, माशा येतात, हे खरे. परंतु मळीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे. बादली घेऊन टाकीवर येऊ नये, ही विनंती! देऊळघाटला किराणा दुकानातले लिंबूसत्त्व वापरले. लिटरभर पाण्यात पन्नासेक ग्रॅम घालून सुटे केलेले लोखंडी भाग एक रात्र ठेवले, सकाळी तारेच्या ब्रशने घासले, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुतले, लगेच कोरडे करून तेलाचा हात दिला. हा शेवटचा तेलाचा हात राहिला तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस झाक चढते.

मग तळ. जाड काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, रंध्याच्या तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारल्या आणि घासायला सुरुवात केली. पाते आत ओढून, पण कसूनच ठेवायचे, कारण कसलेल्या पात्याच्या ताणाने अंगाला किंचित बाक येतो. जिथल्या रेघा पुसत नाहीत तिथे खळगा आहे असे समजावे. सगळा तळ आरशासारखा करण्याचा हट्ट नको. पुढचे टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे एका पातळीत आली की बस्स. यातच दीड दिवस गेला, आणि सर्वांत जास्त घाम इथेच निघाला.

धारेच्या बाबतीत घाई अजिबात करू नये. ग्राइंडरवर पाते तापून निळे पडले की पोलादाचे पाणी उतरले. पुढे ती धार टिकत नाही. दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवावे, किंवा सरळ हाताने दगडावरच घासावे. कोन मोजायला यंत्र लागत नाही. पात्याच्या जाडीच्या सव्वादोन ते अडीच पट रुंद उतार आला की कोन सुमारे २५ अंशांचा झाला. आधी पाठ सपाट, मग उतार, आणि शेवटी पाते जरा उचलून ३० अंशांवर चार-सहा हात. पाठीमागे तारेसारखी बारीक कड बोटाला लागली की धार आली. ती कड दगडावर पाठ टेकवून काढावी व जुन्या चामडी पट्ट्यावर पाते ओढावे. पात्यावर बसणारी दुसरी पट्टी धारेपासून मिलिमीटरभर मागे ठेवावी. दोन्हींत फट राहिली तर ढलप्या त्यात अडकतात, आणि लोक उगाच रंध्याला दोष देतात.

आजींचे दार बिजागऱ्यांतून काढून घासले. बाभळीचे, जुने, टणक लाकूड. पहिल्या दोन हातांत नुसता भुगा, मग पाते केसभर मागे घेतल्यावर पातळ लांब ढलपी निघू लागली. घासलेल्या कडेला लगेच तेल पाजले, म्हणजे पावसाचे पाणी लवकर शोषणार नाही. दार आता एका हाताने लागते. आजींनी पेटीतल्या दोन पटाश्या आणि वाकसही भंगारवाल्याला दिला नाही. नातू सुटीत येईल तेव्हा बघू म्हणाल्या.

सागवानी रंध्याचे काम अजून बाकी आहे. तळ झिजत गेला तसे त्याचे तोंड रुंदावले, कारण आतली पोकळी वर रुंद होत जाते. तोंडापुढे शिसवीचा तुकडा खोबणीत बसवून सरसाने चिकटवायचा आहे. उन्हाळ्याने पाचरही सैल झाली आहे. ती आत्ताच नवी करू नये, पावसाळ्यात लाकूड फुगले की पुन्हा बघावे, असा आमचा सल्ला पडला. तोवर रंध्याला रोज जवसाचे तेल पाजणे चालू आहे.