कीर्दवहीतील तिसरा रकाना

सांगलीच्या गणपती पेठेत तीन पिढ्यांपासून हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबात गेली दोन वर्षे एकच प्रश्न पुनःपुन्हा पंगतीत येतो. यंदा नववीत असलेल्या थोरल्या नातीला कुत्रा पाळावयाचा आहे, आणि तिला वयाच्या सहाव्या वर्षापासून दमा आहे. इच्छा आणि व्याधी यांचा असा झगडा अनेक घरांत असतो. बहुतेक ठिकाणी तो ‘काही नको’ या दोन शब्दांत मिटविला जातो. या घरात तो तसा मिटला नाही, कारण मिटविण्यापूर्वी एक वाईट रात्र आली.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी पुण्याला मावशीकडे गेली होती. मावशीकडे लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा. पहिल्या दिवशी शिंका आल्या, डोळे चोळून लाल झाले. कोणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास ती उठून बसली. छातीत घरघर, खांदे वर-खाली होत असलेले, आणि एक वाक्य पुरते बोलता येईना. दम्याचा पंप सांगलीच्या कपाटात राहिला होता. तो विसरला नव्हता. आईने जाणूनबुजून दिला नव्हता. नातेवाइकांत पंप दिसला तर चर्चा होईल, ‘मुलीला दमा आहे’ हे चारचौघांत झाले तर उद्या स्थळे पाहताना अडचण येईल, हा त्यामागचा विचार. रात्री अडीच वाजता रुग्णालयात नेऊन प्राणवायू आणि नेब्युलायझर लावल्यावर पहाटे तिचा श्वास खाली बसला. आईच्या त्या विचाराची किंमत किती झाली असती, हे त्या पहाटेनंतर घरात कोणी बोलून दाखविले नाही. परंतु पंप त्या दिवसापासून कपाटातून बाहेर आला आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उघडा राहू लागला.

सांगलीस परतल्यावर छातीच्या डॉक्टरांनी प्रथम कुत्र्याचा विषय बाजूला ठेवला. मुलीचा उपचार आजवर कसा चालला होता, हे त्यांनी विचारले. उत्तर नेहमीचे होते. त्रास झाला की निळा पंप, त्रास थांबला की सारेच बंद. निळ्या पंपातील साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते. मात्र नलिकांच्या आतील सूज तशीच राहते. ती सूज उतरविण्याचे काम रोज घ्यावयाच्या, अल्प प्रमाणातील स्टेरॉइडच्या पंपाचे. ‘जीना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय दमा-मार्गदर्शिकेने २०१९ पासून किशोरवयीन व प्रौढ रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे.

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच आजीचा चेहरा पडला. पंपाची सवय लागते, ही समजूत आपल्याकडे किती खोल रुजली आहे हे वेगळे सांगावयास नको. डॉक्टरांनी व्यापाऱ्याला कळेल असा हिशेब मांडला. पंपाच्या एका फवाऱ्यात औषध असते शंभर-दोनशे मायक्रोग्रॅम. दुर्लक्ष करून झटका आल्यावर ज्या गोळ्या द्याव्या लागतात, त्यांचे मोजमाप मिलिग्रॅममध्ये. आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. रोजचा थोडा खर्च टाळून वर्षाकाठी मोठे नुकसान सोसणारा दुकानदार शहाणा म्हणावा काय? आजोबा हसले आणि प्रश्न तेथे संपला.

घराच्या आचाराशी संबंधित दोन अडचणी मात्र खऱ्या होत्या. या घरात सूर्यास्तानंतर कोणी काही घेत नाही. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरावीच लागते, एरवी तोंडात बुरशी येऊ शकते. तेव्हा रात्रीची मात्रा संध्याकाळच्या जेवणाआधी, दिवस असतानाच, घेण्याची वेळ डॉक्टरांनी ठरवून दिली. औषधाच्या गुणात त्यामुळे काही उणे येत नाही. दुसरा प्रश्न कॅप्सूलच्या जिलेटिनचा. पावडरच्या उपकरणात वापरावयाच्या काही कॅप्सूल जिलेटिनच्या असतात, काही वनस्पतिजन्य. फवाऱ्याच्या पंपात कॅप्सूल नसतेच. त्यांनी फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर घेतला. निळ्या पंपाविषयी मात्र डॉक्टरांनी कोणतीही सवलत दिली नाही. श्वास अडला की उपवास असो, रात्र असो, तो तत्क्षणी घ्यावयाचा.

दीड महिन्याने सुईच्या टोकाने त्वचेवर करावयाची ॲलर्जीची चाचणी झाली. त्याआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी नकारार्थी येते. हातावर निरनिराळ्या द्रावणांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात; तीन मिलिमीटर वा अधिक गांध उठली तर शरीर त्या पदार्थाला ओळखते असे समजावयाचे. घरातील धुळीतले कीटक : सहा मिलिमीटर. झुरळ : तीन. कुत्रा : पाच. मांजर : काही नाही. मुलगी त्या पाचाच्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करावयास हवा. लोक म्हणतात, कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. वस्तुतः दोष केसांचा नसतो. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिने असतात. ती वाळून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत तरंगतात, गादी-पडद्यांत मुरतात, कपड्यांना चिकटून ज्या घरात कुत्रा कधी गेला नाही तेथेही पोहोचतात. प्राणी घरातून गेल्यावरही हे कण कित्येक महिने मागे राहू शकतात. म्हणून आखूड केसांचा मुधोळ किंवा कारवानी कुत्रा आणला तर चालेल, हा तर्क टिकत नाही. कातडी त्यालाही असते आणि लाळही.

धाकट्या काकांनी हौसेने शोधून काढलेला मार्ग याच कारणाने बंद झाला. शहरातील एका विक्रेत्याने ‘ॲलर्जी न होणारे’ पूडल जातीचे पिल्लू चाळीस हजारांत देऊ केले होते. निम्मी रक्कम आगाऊ. या समजुतीचा इतिहास रंजक आहे. ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांच्याकडे १९८० च्या दशकात हवाई बेटावरील एका अंध महिलेची मागणी आली. तिच्या पतीला कुत्र्याची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्रॅडोर आणि पूडल यांचा संकर केला, पिल्लांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला पाठविले, आणि त्यांतील एक पिल्लू त्या पतीला मानवले. एक पिल्लू, सगळी नव्हेत. पुढे त्या संकराचा जगभर जो बाजार झाला, त्याचा खुद्द कॉनरन यांनी उतारवयात जाहीर पश्चात्ताप केला. २००९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी थोरल्या मुलीच्या ॲलर्जीमुळे पोर्तुगीज वॉटर डॉग निवडल्यावर ही कल्पना अधिकच रूढ झाली. परंतु अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांनी २०११ मध्ये घराघरांतील धूळ तपासली, तेव्हा अशा जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत ॲलर्जीकारक प्रथिनाचे प्रमाण वेगळे आढळले नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासात तर या ‘निर्धोक’ जातींच्या केसांत ते अधिकच निघाले.

आजोबांनी विक्रेत्याला एवढेच विचारले, “महिनाभर पिल्लू घरी ठेवून, मुलीला त्रास झाला तर परत घ्याल काय?” विक्रेता नाही म्हणाला. आजोबा म्हणाले, “नमुना पाहिल्याशिवाय आम्ही हळदीचे पोतेही उचलत नाही.”

आशेचा आणखी एक धागा होता. कुत्र्याच्या प्रथिनांपैकी ‘कॅन एफ ५’ हे नराच्या पुरःस्थ ग्रंथीत तयार होते. ज्या रुग्णाला केवळ त्याचीच ॲलर्जी असेल, त्याला मादी मानवण्याचा संभव असतो. यासाठी रक्ताची वेगळी, बऱ्यापैकी महाग तपासणी करावी लागते. नमुना मुंबईला गेला. अहवालात ‘कॅन एफ ५’ होतेच. आणि नर-मादी दोघांतही असणारे ‘कॅन एफ १’ सुद्धा होते. त्या संध्याकाळी मुलगी जेवली नाही.

डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की, आधी सहा महिने दमा पूर्ण ताब्यात असल्याचे दिसू द्या; पुढचे पुढे. त्यासाठी त्यांनी पीक फ्लो मीटर दिले. नळीत जोराने फुंकर मारली की काटा दर मिनिटास लिटर या मापात आकडा दाखवितो. तिची उत्तम स्थितीतील फुंकर ३४० आली. त्याच्या ऐंशी टक्के म्हणजे २७२ च्या वर सारे ठीक. त्याखाली सावध व्हावयाचे. निम्म्याच्या, म्हणजे १७० च्या खाली गेली तर निळा पंप घेऊन थेट रुग्णालय गाठावयाचे. आजोबांनी दुकानातील लाल बासनाची एक कोरी कीर्दवही तिला दिली आणि स्वतःच्या हाताने तीन रकाने आखले. सकाळ, संध्याकाळ, तपशील. ‘रोजचा आकडा रोज. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली कीर्द ही कीर्द नव्हे’, ही त्यांची एकमेव अट.

घरही बदलले. गाद्या-उशांना कीटकरोधक खोळी चढल्या, चादरी दर आठवड्यास गरम पाण्यात धुतल्या जाऊ लागल्या, देवघरातील उदबत्ती बंद होऊन केवळ दिवा राहिला. जाड पडदे गेले. यांतील बरेचसे कुत्र्यासाठी नव्हे, धुळीतील कीटकांसाठी होते; पण जळमटे काढताना निमित्त कोणाचेही असो.

याच काळात गोदामावर एक गावठी कुत्री येऊन राहिली. राखणदार तिला भाकरी घालीत असे. कुत्र्याला पिष्टमय अन्न पचते, मांजराचे तसे नाही. त्यामुळे भाकरी, डाळ-भात आणि दूध यांवर ती तरारली, तरी केवळ त्यावर आयुष्यभर तिचे पोषण पुरेसे होईल काय, हे पशुवैद्यालाच विचारावे लागते आणि त्यांनी विचारलेही. तिला रेबीजची लस टोचून घेतली, नसबंदी करविली. काहींनी नाके मुरडली. तेव्हा आजोबांनी मुंबईच्या पांजरपोळाची आठवण दिली. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली; आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई या पारशी धनिकाने व जैन व्यापाऱ्याने मिळून तो पांजरपोळ उभा केला. व्यापाऱ्याच्या पैशाने कुत्रा वाचविल्याचे उदाहरण दोनशे वर्षांचे आहे, असे त्यांचे म्हणणे.

मुलगी दर रविवारी वडिलांबरोबर गोदामावर जाऊ लागली. नोव्हेंबर-डिसेंबरात तपशिलाच्या रकान्यात ‘कुत्री भेटली’ असे लिहिलेल्या दिवशीही आकडे ३२० च्या वर. फेब्रुवारीत ते घसरले. २६०, २५५, सोमवारीही २६५. काकांनी लगेच कुत्रीला दोष दिला. वही आजोबांनी मागे चाळली. कुत्री डिसेंबरातही होती. नवीन काय आले होते? नवी हळद. आवक सुरू झाली होती, पॉलिशची यंत्रे चालू होती, गोदामात पिवळी धूळ हातभर अंतरावरचे दिसू देत नव्हती. मुलीचे गोदामात जाणे बंद झाले. कुत्रीची भेट बाहेर, मोकळ्या मैदानात होऊ लागली. दोन आठवड्यांत आकडे पूर्ववत. या एका शोधाने घरातील आणखी एकाचे भले झाले. वीस वर्षे ‘तंबाखूचा खोकला’ म्हणून सोसणाऱ्या जुन्या हमालाची तपासणी करविली, तर त्यालाही दमा निघाला.

या यशाने मुलीला धीर आला, आणि जूनच्या पहिल्या मुसळधार पावसात कुत्री आजारी पडल्यावर तिने हट्ट करून तिला घराच्या सोप्यात आणविले. चार दिवस. पहिल्या दिवशी ३१५, दुसऱ्या दिवशी २९०, तिसऱ्या दिवशी २६८ आणि रात्री खोकला. चौथ्या सकाळी २५०. पावसाळ्यात भिंतींवर बुरशी असते, तिचाही हात असू शकेल, असे वडील म्हणाले. डॉक्टरांनी ते नाकारले नाही. पण पाच मिलिमीटरची गांध, मुंबईचा अहवाल आणि पुण्याची रात्र त्यांनी एकापुढे एक ठेवली. दमा ताब्यात होता म्हणून या वेळी काम सोप्यावरच निभावले, एवढाच दोन्हींतला फरक. आठवड्यातून दोनदा कुत्र्याला आंघोळ, हवा गाळण्याचे यंत्र, झोपण्याच्या खोलीत प्रवेशबंदी या उपायांनी कण कमी होतात, संपत नाहीत. लहानपणीच कुत्र्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांत दम्याचे प्रमाण काहीसे कमी आढळल्याचा स्वीडनमधील २०१५ चा अभ्यास काकांनी पुढे केला. तो ज्यांना व्याधी अद्याप झालेली नाही अशा अर्भकांविषयी आहे, येथे लागू नाही, असे उत्तर मिळाले.

त्या रात्री मुलीने स्वतःच तपशील लिहिला. “सोप्यात ठेवणे जमत नाही.” खाली आजोबांनी, हिशेब मान्य झाला की ते करतात तशी, आडवी रेघ ओढून सही केली.

कुत्री आता गोदामाबाहेर पत्र्याच्या छपराखाली राहते. छपराचा खर्च मुलीने दिवाळीच्या ओवाळणीतून दिला. ती रविवारी सकाळी येते, निळा पंप पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, सर्वांना दिसेल असा. अर्धा तास मैदानात चेंडू फेकते, घरी जाऊन आंघोळ करते, कपडे वेगळे भिजविते आणि फुंकर मारते. गेल्या रविवारचा आकडा ३३० होता. मावशीने पुण्यास बोलाविले आहे. उतरण्याची सोय या वेळी आत्याकडे केली आहे, आणि कशासाठी ते आईने फोनवर मावशीला स्पष्ट सांगितले.