पाऊल रेषेच्या पुढे पडलं की...

१८ जून २०१७. लंडनचं ओव्हल मैदान, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, समोर पाकिस्तान. जसप्रीत बुमराच्या बॉलवर फखर जमानच्या बॅटची कड लागली, बॉल धोनीच्या ग्लोव्ह्जमध्ये गेला आणि इकडे घराघरांत जल्लोष झाला. फखरचे तेव्हा जेमतेम ३ रन्स झाले होते. मग रिप्ले आला. बुमराचा पाय रेषेच्या पुढे पडला होता. नो-बॉल! पुढे फखरने ११४ केले आणि आपण तब्बल १८० रन्सनी हरलो. काही दिवसांनी जयपूरच्या ट्रॅफिक पोलिसांनी तोच फोटो होर्डिंगवर लावला. रेषा ओलांडू नका, महागात पडेल, असा त्यातला मेसेज होता. बुमराला तो अजिबात आवडला नाही आणि त्याने ट्विटरवर तसं सुनावलंही.

रेषेच्या पुढे पाऊल टाकणं, यासाठी इंग्रजीत एक भारदस्त क्रियापद आहे : ट्रान्सग्रेस. स्पर्धा परीक्षांच्या शब्दसंग्रहात ते हमखास भेटतं आणि समोर अर्थ लिहिलेला असतो, 'नियम मोडणे, मर्यादा ओलांडणे'. चार मार्कांसाठी एवढं पुरतं. पण या शब्दाच्या पोटात शिरलं तर तो थेट आपल्या हॉस्टेलपर्यंत, घरापर्यंत आणि पार पंढरपुरापर्यंत येऊन पोहोचतो.

लॅटिनचं पाऊल, संस्कृतचं पाऊल

हा शब्द लॅटिनमधून आला. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे आणि 'ग्रादी' म्हणजे पाऊल टाकणं, चालणं. याच 'ग्रादी'चं खानदान बघा : प्रोग्रेस म्हणजे पाऊल पुढे, काँग्रेस म्हणजे एकत्र येणं, डायग्रेस म्हणजे विषय सोडून भरकटणं, अ‍ॅग्रेशन म्हणजे कुणाच्या तरी अंगावर चालून जाणं. त्याचा सख्खा भाऊ 'ग्रादुस', म्हणजे पाऊल किंवा पायरी. त्यातून ग्रेड आली, डिग्री आली, ग्रॅज्युएटही आला. थोडक्यात, मार्कशीटवरची ग्रेड आणि मर्यादा ओलांडण्याचा गुन्हा एकाच घरातले आहेत.

गंमत म्हणजे आपल्याकडे हीच जोडणी आधीपासून आहे. संस्कृतात 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं. त्याला 'आ' लागला की आक्रमण, 'सम्' लागला की संक्रमण, 'परि' लागला की परिक्रमा आणि 'अति' लागला की अतिक्रमण. म्हणजे ट्रान्सग्रेसचं शब्दाला शब्द लावून मराठी करायचं, तर ते 'अतिक्रमण' होतं. फक्त आपण हा शब्द महापालिकेला देऊन टाकलाय. अतिक्रमण म्हटलं की डोळ्यांसमोर फुटपाथवरची टपरी, ती उचलायला आलेली गाडी आणि पळापळ करणारे फेरीवालेच येतात.

इंग्रजीत हा शब्द रुजला तो मुख्यतः धर्माच्या भाषेत. देवाची आज्ञा ओलांडणं, म्हणजे पाप. म्हणून आजही त्याला थोडा गंभीर वास आहे. सिग्नल तोडला तर कुणी 'ट्रान्सग्रेस केलं' म्हणत नाही, तिथे साधं 'ब्रेक' चालतं. नियमामागे काहीतरी नैतिक, पवित्र किंवा निदान तसं मानलेलं असेल, तिथे हा शब्द शोभतो.

बाकी शास्त्रांनी मात्र त्याचं पाप धुऊन टाकलंय. जिऑलॉजीवाल्यांना विचारा. समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत वाढून समुद्र आत घुसतो, त्याला ते ट्रान्सग्रेशन म्हणतात. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात, बाघ परिसरात समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात, ते अशाच एका प्राचीन ट्रान्सग्रेशनमुळे. वनस्पतींच्या ब्रीडिंगमध्ये एखादं पिल्लू-रोप आईबापांपैकी दोघांनाही मागे टाकतं, तेव्हाही हेच विशेषण वापरतात. तिथे कुणी त्याला 'मर्यादेत राहा' असं सांगत नाही!

मोडणं वेगळं, ओलांडणं वेगळं

मराठीत या एका क्रियापदासाठी शब्दांची अख्खी फळी आहे आणि प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. 'भंग' घेतला तर शिस्तभंग, शांतताभंग, हक्कभंग, कायदेभंग. यात काहीतरी मोडतं. 'ओलांडणे'मध्ये मात्र काही मोडत नाही. रेषा जागच्या जागी असते, फक्त तुम्ही पलीकडे गेलेले असता. लोकल स्टेशनवर 'रूळ ओलांडू नका' म्हणून रोज ओरडून सांगतात. तिथे रूळ शाबूत राहतो, धोका माणसाला असतो. आणि 'उल्लंघन'मध्ये तर चक्क उडी आहे, कारण 'लंघ्' म्हणजे उडी मारून पार होणं.

पण हेच उल्लंघन दसऱ्याला मंगल होतं. पावसाळा संपला, वाटा मोकळ्या झाल्या, की गावाची शीव ओलांडून मोहिमेवर निघायचं, ते सीमोल्लंघन. आपण आजही त्या दिवशी एकमेकांना सोनं वाटतो. नियमांचं उल्लंघन केलं की दंड आणि सीमेचं उल्लंघन केलं की सोनं. एकाच शब्दाला दोन्ही मानमरातब!

बातमीत कुठला शब्द येतो, यावर तर बरंच काही ठरतं. चीनच्या सैनिकांनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडली की सरकारी इंग्रजीत बहुतेक वेळा 'ट्रान्सग्रेशन' येतं, कारण ती रेषा दोन्ही देशांनी मिळून नकाशावर आणि जमिनीवर नक्की केलेली नाही. तीच बातमी मराठीत 'घुसखोरी' होऊन येते. एका शब्दात रेषेबद्दलचा वाद गृहीत आहे, दुसऱ्यात निकाल लागलेला आहे. अर्थात सौम्य शब्द आला म्हणजे घटना सौम्य असते असं नाही. जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले, ते याच रेषेवरच्या संघर्षात.

'पायरी ओळखून राहा'

आता मूळ अर्थाकडे, पायरीकडे येऊ. 'पायरी सोडून बोलू नकोस', 'आपली पायरी ओळखून राहा' ही वाक्यं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलीत. पायरी म्हणजे समाजाने ठरवून दिलेली जागा. ती कुणी ठरवली, हे विचारायचं नसतं, एवढाच काय तो नियम.

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर संत चोखामेळ्यांची समाधी. ज्या चोखोबांच्या भक्तीचे दाखले शतकानुशतकं दिले गेले, त्यांच्या जातीला ती पायरी चढायला मनाई होती. ती मनाई मोडावी म्हणून साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी ते सुटलं आणि मंदिर सर्वांसाठी खुलं झालं. स्वातंत्र्य तेव्हा अवघ्या तीन महिन्यांवर आलं होतं.

महाडची गोष्ट तर याहून बोलकी. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. यात कायदा कुठेच मोडला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच केला होता आणि महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केलं होतं. तरी सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे कायद्याच्या नजरेत जे हक्काचं होतं, ते समाजाच्या नजरेत 'मर्यादा ओलांडणं' होतं. नियम आणि मर्यादा या एकच गोष्टी नाहीत, हे शिकायला याहून चांगला धडा नाही.

बाईच्या बाबतीत तर 'मर्यादा' हा शब्द आणखी लवकर बाहेर येतो. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायला रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये कोर्टाने त्यांना सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. आज त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्या काळात मात्र अनेकांना त्यांनी ताळतंत्र सोडल्यासारखं वाटलं होतं.

आपल्या कॅम्पसवरच्या रेषा

हे सगळं इतिहासात जमा झालंय असं वाटत असेल, तर गर्ल्स हॉस्टेलचं गेट बघा. मुलींसाठी लवकरची वेळ आणि मुलांसाठी ढिली, हे गणित कित्येक ठिकाणी अजून तसंच आहे. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी याच मुद्द्यावर 'पिंजरा तोड' हे आंदोलन उभं केलं. मुलगा उशिरा आला तर त्याने 'नियम मोडला' आणि मुलगी उशिरा आली तर तिने 'मर्यादा सोडली', हा फरक आपण बोलताना किती सहज करतो! नियम मोडला की दंड भरून मोकळं होता येतं. मर्यादा सोडली, हा मात्र थेट माणसावरचा शिक्का असतो.

पण म्हणून प्रत्येक रेषा ओलांडणं म्हणजे क्रांती, असंही नाही. हे आपल्या पिढीने स्वतःला जरा खडसावून सांगायला हवं. 'मस्करी होती यार' म्हणत फर्स्ट इयरच्या पोरांना रात्री रूममध्ये बोलावणारे सीनियर्सही बिनधास्तपणाच्याच गोष्टी करतात. मस्करीची कुस्करी कुठे होते, हे महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याने ठरवून टाकलंय : दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, शिवाय कॉलेजमधून हकालपट्टी आणि पाच वर्षं दुसरीकडे अ‍ॅडमिशन नाही. मैत्रिणीने 'नको' म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, पार्टनरचा फोन चोरून चेक करणं, ग्रुपवर कुणाचा तरी खासगी फोटो टाकणं, यातही रेषा ओलांडली जातेच.

मग चवदार तळ्यावरचं पाऊल आणि ज्युनियरच्या रूममधलं पाऊल यांत फरक काय? दिशा. एक पाऊल स्वतःभोवती दुसऱ्यांनी आखलेल्या कुंपणातून बाहेर पडतं. दुसरं पाऊल समोरच्याने स्वतःसाठी आखलेल्या कुंपणात घुसतं. पहिल्यात किंमत पाऊल टाकणारा मोजतो. मार खातो, उपाशी राहतो, तुरुंगाची तयारी ठेवतो. दुसऱ्यात किंमत समोरचा मोजतो आणि पाऊल टाकणारा हसत असतो.

इंग्रजी क्रियापद हा फरक सांगत नाही, ते दोघांनाही ट्रान्सग्रेसच म्हणतं. आपल्याकडे मात्र त्यासाठी दोन वेगळे शब्द तयार आहेत : पहिलं सीमोल्लंघन, दुसरं अतिक्रमण. पुढच्या वेळी कुणी 'लिमिट क्रॉस केली' म्हणून कुणाकडे बोट दाखवलं, तर यातला कुठला शब्द लागू होतो, तेवढं आधी विचारा.