एका मीटरला 220 वर्षे

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या मराठी घरांना नागपूर–रायपूर रेल्वेमार्ग तोंडपाठ असतो. अंतर सुमारे 300 किलोमीटर. या रुळांवर डायनासोर संपल्यापासूनची 6.6 कोटी वर्षे अंथरून पाहू. नागपूर म्हणजे तेव्हा, कॉलोनीतल्या घराचा उंबरठा म्हणजे आज. एका किलोमीटरला 2.2 लाख वर्षे, एका मीटरला 220. ऐंशी वर्षांचं अख्खं आयुष्य 36 सेंटिमीटरांत आटोपतं. रायपूरखालचा चुनखडक मात्र 100 कोटी वर्षांहून जुना. त्याला याच मापाने गाठायचं तर साडेचार हजार किलोमीटर मागे जावं लागेल. लांब पल्ल्याची विवेक एक्स्प्रेससुद्धा तेवढी धावत नाही.

सुरुवात नागपुरातून व्हावी हे रास्तच. सीताबर्डीची टेकडी त्याच काळातल्या लाव्हाची. इथले जीवाश्म गोळा करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप यांचं नाव 1988 मध्ये एका चिमुकल्या सस्तन प्राण्याला मिळालं: डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. तेलंगणातल्या नस्कलजवळ सापडलेला हा जीव उंदराएवढा. दाढ दोन मिलिमीटरही नाही.

गाडी सुटली. 45 किलोमीटरवर, भंडारा रोड यायच्या आत, डब्यात अचानक उकडायला लागतं. 5.6 कोटी वर्षांपूर्वी हवेत प्रचंड कार्बन मिसळला आणि पृथ्वी 5 ते 6 अंशांनी तापली. ही वाढ काही हजार वर्षांतली, म्हणजे आपल्या मापाने एक-दोन डब्यांची लांबी. त्या काळात अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सिफ्रिपस नावाचा आदिम घोडा होता, वजन साडेपाच किलोच्या आसपास. उष्म्यात तो आकसत गेला. लहान अंगातून उष्णता लवकर बाहेर पडते. 1 लाख 30 हजार वर्षांत तो चार किलोवर, मांजराएवढा झाला. 24 डब्यांची गाडी जेवढी लांब, जवळजवळ तेवढंच हे अंतर. हवा निवल्यावर पुढच्या 45 हजार वर्षांत, म्हणजे आठ-नऊ डब्यांत, तो 76 टक्क्यांनी वाढून सात किलोंवर गेला. याच उष्ण पर्वात घोड्यांचे, हरणांचे आणि माकडांचे पूर्वज उत्तर गोलार्धात पसरले. पुढच्या सात किलोमीटरांत सुरतजवळच्या वस्तान खाणीतला कॅम्बेथेरियम दिसतो, घोडा-गेंड्यांच्या कुळाचा जवळचा नातलग.

गोंदिया मागे पडलं की गारठा. 3.4 कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर बर्फ साचला, जंगलं विरळ झाली. आता मोठं अंग परवडू लागलं. इथपासून डोंगरगडपर्यंत शिंग नसलेला महाकाय गेंडा सोबत असतो: पॅरासेराथेरियम, 15 टनांच्या घरातला, म्हणजे तीन हत्तींइतका. बलुचिस्तानातल्या बुगटी टेकड्यांत त्याची हाडं मिळाली. दुर्गच्या आसपास शिवालिकच्या पायथ्याची रानं गवताळ होतात. पाला-फळांवर जगणारे मागे पडतात, गवत चघळणाऱ्यांचं फावतं. रायपूर बारा किलोमीटरवर असताना हिमयुगांचा फेरा सुरू होतो. गाडी आउटरला रेंगाळते तिथे, दीड किलोमीटरच्या आत, आपण माणसं दिसू लागतो. शेवटचं हिमयुग संपतं ते दारापासून फक्त 53 मीटरांवर.

आणि गेल्या दीडशे वर्षांत आपण वाढवलेला एक अंशाहून जास्त ताप? तो 68 सेंटिमीटरांत मावतो. घोड्याला आकसायला अख्खी गाडी मिळाली होती. इथे दारातलं पायपुसणंही पुरतं.