लिव्हर धुऊन काढणारी बाटली

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचणं चाललं होतं. एक शेळीसाठी, एक शिलाई मशीनसाठी, एक मुलीच्या फीसाठी. चौथा अर्ज सात हजारांचा, कारण लिहिलं होतं 'औषध'. कसलं औषध म्हणून विचारलं, तर ताईंनी पिशवीतून हिरव्या लेबलची बाटली काढून सतरंजीवर ठेवली. लिव्हर डिटॉक्स सिरप. एक बाटली साडेअकराशेची, आणि कोर्स सहा बाटल्यांचा. नवरा रोज पितो, हल्ली पोट फुगायला लागलंय, पायांना सूज आहे. विकणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की सकाळ-संध्याकाळ दोन झाकणं दिली की लिव्हर आतून धुऊन निघतं, मग थोडी दारू चालू राहिली तरी काळजी नाही.

शेकडा दोनच्या दराने दहा हप्त्यांत फेडलं, तर या कर्जाचं नुसतं व्याज ७७० रुपये होतं. पण बैठकीत व्याजावर कोणी बोललं नाही. बोलणं झालं ते एवढंच, "झाडपाल्याचं आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नाही. म्हणून नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं, थोडं वाचलं, आणि आता सगळ्यांसाठीच लिहिते आहे. कारण ही बाटली एका गटापुरती राहिलेली नाही.

लिव्हर म्हणजे आपलं यकृत. मटणाच्या दुकानात आपण कलेजी म्हणतो तेच. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली असतं, मोठ्या माणसात साधारण सव्वा ते दीड किलोचं. आपण जे खातो-पितो त्यातलं बरंचसं आतड्यातून रक्तात जातं आणि ते रक्त आधी यकृतात येतं. तिथे औषधं, दारू यांची मोडतोड होते. नको ते पित्तावाटे शौचातून किंवा मूत्रपिंडावाटे लघवीतून बाहेर जातं. म्हणजे घाण काढायचं काम यकृत स्वतःच रात्रंदिवस करत असतं. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो तशी घाण त्यात अडकून बसत नाही, की बाहेरून धुवावी. दारूने, जास्त वजनाने किंवा साखरेच्या आजाराने यकृतात साचते ती चरबी. ती सिरपने विरघळत नाही.

मग काही जणी सांगतात की बाटली घेतल्यावर चार दिवस पोट साफ झालं, हलकं वाटलं, त्याचं काय? अशा काही औषधांत सोनामुखी, कुटकी यांसारखी रेचक द्रव्यं असतात. त्यांनी जुलाब होणारच. पण साफ झालं ते आतडं. अशक्त माणसाला असे जुलाब चार दिवस झाले तर अंगातलं पाणी आणि क्षार मात्र जातात.

आता नुकसानाचा प्रश्न. यकृतासमोर गोळी आणि काढा असा भेद नसतो, दोन्ही त्यालाच पचवावे लागतात. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी गुळवेलीचा काढा प्यायलाय, आमच्या घरी तर रोज. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कामाची गोष्ट त्यातच आहे. बाटलीत नेमकी कुठली वेल आणि किती, हे आपण ओळखू शकत नाही. घरच्या रसाचंही तसंच. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो ओतून द्यायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. 'कडू तितकं गुणकारी' इथे लागू नाही.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही. वैद्य नाडी बघतो, लघवीचा रंग विचारतो, मग औषध देतो. दारात येऊन एकच बाटली साखर, गुडघे, लिव्हर सगळ्याला चालते म्हणणारा वैद्य नसतो.

त्या दिवशी बाटली हातात घेऊन आम्ही लेबल वाचलं. पुढे मोठ्या अक्षरात 'लिव्हर केअर', आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत. सोबत एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक. हा क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो. म्हणजे सात हजारांचं ते 'औषध' कागदोपत्री औषधच नव्हतं! आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर औषध निर्मितीच्या परवान्याचा क्रमांक, घटकांची नावं आणि प्रमाण, बॅच, मुदत हे सगळं असायला हवं. दुसरं म्हणजे आसव आणि अरिष्ट या प्रकारांत आंबवण्यामुळे आपोआप अल्कोहोल तयार होतं, काहींत ५ ते १० टक्के. ते लेबलवर लिहिलेलं असतं. डोस लहान असतो हे खरं, पण ज्याचं यकृत दारूनेच बिघडलंय त्याला हे विचारल्याशिवाय कसं द्यायचं? टीबीची औषधं चालू असलेल्यांनी तर अशी कुठलीही बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये. त्या गोळ्यांचा भार आधीच यकृतावर असतो.

काविळीबद्दल थोडं. आपल्याकडे माळ घालतात, नाकात रस सोडतात, मुळी उगाळून पाजतात, आणि माणूस बरा होतो. होतोच. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय माळेला मिळतं. पण गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर जिवावर बेतते. तिला एक दिवसही गावात थांबवू नका. कावीळ असलेला कुणीही बरळायला लागला, फार झोपाळला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच झालं, तर लगेच दवाखाना. बी आणि सी प्रकार रक्तातून, सुईतून पसरतात. त्यांची तपासणी आणि उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत काविळीची लस मिळते, ती चुकवू नका.

आता नवऱ्याच्या दारूचं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नुसती चरबी साठली असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर यकृत काही आठवड्यांत सुधारायला लागतं. हे कुठल्याच बाटलीने होत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हातपाय थरथरणं, भास, फिट येणं असं होऊ शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नसते.

पोट फुगणं आणि पायांना सूज ही तर पुढची पायरी असू शकते, पोटात पाणी झाल्याची. गटाने त्या ताईंना सात हजार दिले नाहीत. दीड हजार दिले, जाण्यायेण्याला आणि सोनोग्राफीला. सोबत अध्यक्षताई गेल्या. पोटात पाणी निघालं. उपचार आता चालू आहेत, दारू सुटलेली आहे असं मी म्हणणार नाही, पंधरा दिवसांत एकदा प्यायला असं ताई सांगतात. ज्या बाटलीचे पैसे आधीच दिले होते, ती त्यांच्या फळीवर तशीच आहे.

विकायला आलेल्या बाईही दुसऱ्या गावच्या गटातल्याच निघाल्या. त्यांना 'डीलर व्हा' म्हणून तीन हजार भरायला लावले होते आणि माल घरात पडून होता. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीसाठी अशी फी घेता येत नाही. तुमच्याकडे असे पैसे कोणी भरले असतील तर पावती जपून ठेवा, मला किंवा सीआरपी ताईंना सांगा, तक्रार मिळून करू. आणि पुढच्या बैठकीला घरातल्या अशा बाटल्या घेऊन या. भिंग मी आणते.