एक टक्का मतांची खुर्ची

तहाच्या बैठकीत बायका : लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव पाहिला. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तो एकमताने मंजूर झाला. संघर्ष थांबवताना, तह करताना आणि त्यानंतर घडी बसवताना निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया असल्या पाहिजेत, असं त्याचं सांगणं. हे तत्त्व कुणी नाकारत नाही. अडचण पुढे सुरू होते. बैठकीला कोणाला बोलवायचं हे ज्यांच्या हातात असतं, ते स्त्रियांना कोणत्या नियमाने आत घेणार? ठराव याबाबत काहीच बांधून देत नाही. या प्रश्नाचं एक चोख उत्तर ठरावाच्या चार वर्षं आधी बेलफास्टच्या बायकांनी शोधून काढलं होतं. आजचा लेख त्यांच्यावर.

पार्श्वभूमी थोडक्यात. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग. तिथल्या बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटनसोबत राहायचं होतं, तर बहुतेक कॅथलिकांना शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकात सामील व्हायचं होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या भांडणाने हिंसक वळण घेतलं. पुढची तीस वर्षं बॉम्बस्फोट, गोळीबार आणि सूडाच्या हत्या चालू राहिल्या. जेमतेम पंधरा-सोळा लाख वस्तीच्या त्या प्रांतातल्या या संघर्षाने सुमारे साडेतीन हजार बळी घेतले.

या काळात स्त्रिया काही घरात बसून नव्हत्या. बेटी विल्यम्स आणि मैरेड कॉरिगन यांनी १९७६ मध्ये शांततेसाठी हजारोंचे मोर्चे काढले आणि त्यांना त्या वर्षीचं नोबेल मिळालं. दोन्हीकडच्या वस्त्यांत महिला केंद्रं चालवणं, कामगार संघटनांत काम करणं, तुरुंगात गेलेल्यांची घरं सावरणं हे सगळं बायकाच करत होत्या. राजकारणात मात्र त्यांना शिरकाव नव्हता. १९७४ पासून २००१ पर्यंत उत्तर आयर्लंडमधून एकही स्त्री ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेली नाही. मोर्च्याला बायका, सभेला बायका आणि तिकीटवाटपाच्या वेळी पुरुष, असा सगळा मामला.

१९९६ मध्ये सर्वपक्षीय वाटाघाटी सुरू करायचं ठरलं, तेव्हा कोणत्या पक्षांना बोलवायचं यावर घोडं अडलं. ब्रिटिश सरकारने त्यासाठी निवडणूकच घ्यायची असं ठरवलं आणि एक खास पद्धत आखली. एकूण जागा ११०. त्यांतल्या ९० जागा १८ मतदारसंघांतून, प्रत्येकी पाच. उरलेल्या २० जागांसाठी संपूर्ण प्रांतातली मतं एकत्र मोजायची आणि सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा द्यायच्या. एखाद्या पक्षाचा एकाही मतदारसंघात निभाव लागला नाही, तरी दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला की तो वाटाघाटींत आला.

हा नियम स्त्रियांसाठी केलेला नव्हता. ब्रिटनवादी सशस्त्र गटांशी संबंध असलेले दोन छोटे पक्ष होते. ते बाहेर राहिले असते तर त्या गटांची शस्त्रसंधी टिकणं कठीण होतं. त्यांना आत आणण्यासाठी सरकारने ही सोय केली. महिला संघटनांनी नियम वाचला आणि त्यातली फट बरोबर हेरली.

त्याआधी त्यांनी सरळ मार्ग करून पाहिला होता. प्रस्थापित पक्षांना पत्रं लिहिली, उमेदवार याद्यांमध्ये स्त्रियांना मानाचं स्थान द्या म्हणून सांगितलं. पक्षांनी दाद दिली नाही. मग त्यांनी स्वतःचाच पक्ष काढला : ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन’. निवडणूक जेमतेम सहा आठवड्यांवर आलेली. पैसा नाही, कार्यालय नाही, केडर नाही. पण मोनिका मॅकविल्यम्स यांच्यासारख्या प्राध्यापिका होत्या, पर्ल सेगर यांच्यासारख्या वस्तीत काम करणाऱ्या होत्या. मॅकविल्यम्स कॅथलिक, सेगर प्रोटेस्टंट. प्रांत ब्रिटनमध्ये राहावा की आयर्लंडमध्ये जावा, या मूळ वादात पक्षाने बाजू घ्यायचीच नाही, हे पहिल्यापासून ठरलं. समावेश, समता आणि मानवी हक्क ही तीन तत्त्वं एवढाच जाहीरनामा.

डावपेच साध्या बेरजेचा होता. एकही मतदारसंघ जिंकायची गरज नव्हती. म्हणून प्रांतभर जवळपास सत्तर स्त्रिया उभ्या केल्या. प्रत्येकीने आपलं गणगोत, शेजार, सहकारी यांची शे-सव्वाशे मतं आणली तरी बेरीज पुरणार होती. ३० मे १९९६ ला मतदान झालं. पक्षाला ७,७३१ मतं पडली, म्हणजे १.०३ टक्के. क्रमांक नववा. मॅकविल्यम्स आणि सेगर वाटाघाटींच्या खोलीत पोहोचल्या.

स्वागत कसं झालं? निवडून आलेल्या सभागृहात या दोघी बोलायला उभ्या राहिल्या की समोरच्या बाकांवरून काही सदस्य गाईसारखे हंबरत. स्वयंपाकघरात जा, हे तर नेहमीचंच. कोअलिशनच्या बायकांनी त्यावर नामी उपाय काढला. आपल्या कार्यालयात एक फलक लावला आणि ‘या आठवड्याचा अपमान’ त्यावर बोलणाऱ्याच्या नावानिशी लिहायला सुरुवात केली. पत्रकार तो वाचू लागले. टिंगल करणाऱ्याला आपलंच वाक्य भिंतीवर दिसू लागलं.

प्रत्यक्ष वाटाघाटींत त्यांच्या कामाची रीत वेगळी होती. प्रत्येक बैठकीला शक्यतो एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट अशी जोडी जाई. त्यामुळे कोणताही प्रस्ताव टेबलावर ठेवण्याआधी दोन्ही समाजांत तो कसा ऐकला जाईल, याची चाचणी त्यांच्या स्वतःच्याच खोलीत होत असे. आयर्लंडवादी सशस्त्र संघटना आयआरए हिच्याशी जोडलेल्या शिन फेन पक्षाला सुरुवातीला चर्चेत प्रवेश नव्हता. बंदुका ज्यांच्या हातात आहेत त्यांना वगळून तह टिकत नाही, अशी भूमिका कोअलिशनने घेतली. १९९८ च्या सुरुवातीला हिंसेच्या घटनांवरून दोन पक्षांना काही काळ बाहेर काढण्यात आलं, तेव्हा त्यांच्याशी संपर्क तुटू न देण्यात कोअलिशनचा हात होता. इतरांचे मतदार अशा भेटीगाठींवर भडकले असते. या पक्षाकडे गमावण्यासारखी मतपेढीच नव्हती, आणि ते बळ त्यांनी पुरेपूर वापरलं.

१० एप्रिल १९९८ ला ‘गुड फ्रायडे करार’ झाला. त्याचं श्रेय अर्थातच अनेकांचं. दोन्ही बाजूंचे नेते जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल यांचं, अध्यक्षपद सांभाळणारे अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांचं, आणि ब्रिटनच्या मंत्री मो मोलम यांचंही. मोलमबाई जानेवारी १९९८ मध्ये मेझ तुरुंगात जाऊन ब्रिटनवादी सशस्त्र गटांच्या कैद्यांना भेटल्या आणि प्रक्रिया मोडू नका म्हणून त्यांना राजी केलं. पण कराराचा मजकूर नीट वाचला तर कोअलिशनचे ठसे वेगळे ओळखू येतात. मोठे पक्ष सरहद्द, शस्त्रं, कैदी आणि सत्तावाटप यांवर अडून बसलेले असताना या बायकांनी वेगळ्या गोष्टी लावून धरल्या. हिंसाचाराच्या बळींना मान्यता आणि मदत, दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एकत्र शाळा, मिश्र वस्त्या, समाजातल्या विविध घटकांचं म्हणणं सरकारपर्यंत नेणारा ‘सिव्हिक फोरम’, आणि राजकारणात पूर्ण व समान सहभाग घेण्याचा स्त्रियांचा हक्क. हे सगळं करारात आलं. २२ मे १९९८ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ७१.१ टक्के मतदारांनी कराराला होकार दिला.

पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या दहा पक्षांना जागा देण्याची सोय फक्त त्या एका निवडणुकीपुरती होती. नव्या विधिमंडळासाठी ती राहिली नाही. १९९८ मध्ये कोअलिशनने दोन जागा स्वबळावर जिंकल्या. २००३ मध्ये दोन्ही गमावल्या आणि २००६ मध्ये पक्ष विसर्जित झाला. सिव्हिक फोरम २००२ मध्ये विधिमंडळाबरोबर स्थगित झाला. विधिमंडळ पुन्हा सुरू झालं, फोरम झाला नाही. एकत्र शाळांत आजही दहातलं एक मूलसुद्धा शिकत नाही. सत्तावाटपाची कलमं राखायला मोठे पक्ष होते. बायकांनी आणलेल्या कलमांना विधिमंडळात वाली उरला नाही.

ब्रिटनने १३२५ ठरावाच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, पण त्याचा रोख परदेशांतल्या संघर्षांवर. स्वतःच्या उत्तर आयर्लंडला तो अनेक वर्षं लागू केला नव्हता. भारताने शांतिसेनेत स्त्रिया पाठवण्यात पुढाकार घेतला आहे, पण असा राष्ट्रीय आराखडा आपल्याकडे झालेलाच नाही. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात स्त्रियांचा सल्ला घ्या म्हणणं सरकारांना सोपं जातं.

म्हणूनच जगाची आकडेवारी सुधारता सुधारत नाही. संयुक्त राष्ट्रांकडून दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार, १९९२ ते २०१९ या काळातल्या प्रमुख शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के होत्या. मध्यस्थांत ६ आणि करारावर सह्या करणाऱ्यांतही ६ टक्के.

बेलफास्टचा अनुभव स्पष्ट आहे. स्त्रियांना खुर्ची मिळाली ती प्रवेशाच्या नियमामुळे, आणि नियम गेल्यावर पाच वर्षांत खुर्चीही गेली. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या शांतता चर्चेची बातमी वाचाल, तेव्हा छायाचित्रात स्त्रिया किती आहेत एवढंच मोजू नका. त्या कोणत्या नियमाने आत आल्या आणि तो नियम करारानंतरही टिकणार आहे का, तेही बघा.

(पुढील लेखांकात : लायबेरिया. २००३ मध्ये आक्रा इथे वाटाघाटींच्या दाराशी ठिय्या देणाऱ्या बायका, आणि २००७ मध्ये त्या देशात दाखल झालेली भारतीय महिला पोलिसांची तुकडी.)