बर्फगाडीमागचा बाप

कॅनडातील क्वेबेक प्रांतात हिवाळ्यात कंबरभर बर्फ पडतो. शनिवारी सकाळी तिथली हौशी मंडळी स्नोमोबाईल काढून उत्तरेच्या निर्जन जंगलात सहलीला निघतात. या गाडीला पुढे घसरपट्ट्या, मागे फिरता रबरी पट्टा आणि मोटारसायकलसारखे हँडल असते. रात्री एखाद्या खानावळीत मुक्काम, रविवारी परत. एकट्याने जाणे धोक्याचे. गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ कुठे पातळ असेल, नेम नसतो. हजारो किलोमीटरच्या या वाटा गावोगावचे क्लब राखतात आणि सभासद त्यासाठी विनामोबदला राबतात.

पण बंधुभगिनींनो, ही गाडी केवळ हौसेतून जन्मली नाही. व्हॅलकोर्ट गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए पोरवयापासून बर्फावर चालणारी गाडी बनवू पाहत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद. दवाखाना गाठता आला नाही, लेकरू गेले. त्या बापाने काम सोडले नाही. १९३७ मध्ये त्याला पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले. त्याच्या मोठ्या बर्फगाड्यांतून रुग्ण आणि शाळकरी मुले जाऊ लागली. एक-दोघांची छोटी ‘स्की-डू’ १९५९ मध्ये आली, मग सहली वाढल्या.

पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीतून नेणाऱ्या आपल्या वाड्या-पाड्यांना हे दुःख नवे नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हे तथागतांनी शिकवले. रस्त्याच्या अर्जावर सही करताना हा बाप आठवावा.

जयभीम!